वाइंडिंगचं दुकान, गॅरेज आणि आरटीओ

वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या संत्रापट्ट्यात उन्हाळा तापू लागला की वाइंडिंगच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. आंबिया बहाराची फळं झाडावर असतात, पाणी शेकडो फूट खाली गेलेलं असतं आणि कमी-जास्त दाबाच्या विजेनं नेमकी त्याच वेळी सबमर्सिबल मोटर जळते. दुकानदार मोटर उघडतो, जळकी कॉइल काढतो, स्लॉट मोजतो, तारेचा गेज पाहतो, वेढ्यांचा हिशोब मांडतो, प्लॅस्टिकचं आवरण असलेली नवी तार ओवतो आणि मेगर लावून कुठे गळती नाही ना हे तपासतो. मोटर पुन्हा बोअरमध्ये जाते, बाग वाचते. अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मोठ्या मोटरींचं कामही अशाच कारागिरांच्या हातून होतं.

या कारागिराला थ्री-फेज इंडक्शन मोटर आतून-बाहेरून पाठ असते. निकोला टेस्लाला 1888 मध्ये जिची पेटंटं मिळाली, तीच ही मोटर. टेस्ला कंपनीच्या सुरुवातीच्या रोडस्टर आणि मॉडेल एस या मोटारी इंडक्शन मोटरवरच धावल्या. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत चुंबक बसवलेला रोटर असतो, पण स्टेटर, त्यातले स्लॉट, तीन फेज आणि फिरतं चुंबकीय क्षेत्र हा सगळा संसार तोच. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या काळजाची ओळख असलेली माणसं वऱ्हाडात आधीपासून आहेत. गॅरेजचा मिस्त्री गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि ब्रेक डोळे मिटून खोलतो. लेथवाला शाफ्ट आणि प्लेट घडवतो. ई-रिक्षांच्या निमित्तानं 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांत रोज हात घालणारा एक नवा वर्गही अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत तयार झाला आहे. ही माणसं एकाच शहरात राहतात, पण एका गाडीभोवती एकत्र कधी उभी राहत नाहीत. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत विजेची मोटर बसवण्याची कार्यशाळा अमरावती आणि अकोल्यात घ्यायची ती त्यांना एकत्र उभं करण्यासाठी.

असं काही करायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घरच्या अंगणात स्वतः बनवलेली गाडी येते. कार्यशाळेचं उद्दिष्ट ते नसावं, हे मला सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं आहे. मान्यताप्राप्त किट बिनचूक बसवणारा, बिघडलं तर उघडून दुरुस्त करणारा आणि दारात आलेल्या मालकाला ‘या गाडीत पैसे घालू नका’ असं ठामपणे सांगू शकणारा कारागीर घडवणं, हे तिचं उद्दिष्ट असावं. यातलं तिसरं कौशल्य सर्वांत दुर्मिळ आहे आणि वऱ्हाडातल्या मालकांना त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे.

गाडीचं इंधन बदलणं महाराष्ट्राला नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं, तेव्हा देशभर बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी जोडली गेली आणि गाड्या चालत राहिल्या. पुढे एलपीजी आणि सीएनजीची किटं आली. त्याच काळात मारुती ओम्नीत घरगुती सिलिंडरमधून गॅस भरण्याचा धंदा विदर्भातल्या गावोगावी फोफावला. त्यापायी स्फोट झाले, माणसं भाजली, पोलिसांच्या धाडी पडल्या. अधिकृत किट उपलब्ध होतं, पण ते बसवणारा प्रशिक्षित माणूस जवळ नव्हता आणि गॅसचा पंप दूर होता. ती पोकळी ज्यांनी भरली, त्यांना सुरक्षिततेचा गंध नव्हता. विजेच्या बाबतीत तीच पोकळी पुन्हा निर्माण होऊ द्यायची नसेल, तर प्रशिक्षण आधी पोचलं पाहिजे.

दुसरं उदाहरण पुण्याचं. केपीआयटी या कंपनीनं भारत फोर्जच्या साथीनं 2010 मध्ये ‘रेव्होलो’ नावाचं किट जाहीर केलं. चालू गाडीच्या इंजिनाला विजेच्या मोटरीची जोड द्यायची, बॅटरी घरच्या प्लगवर चार्ज करायची आणि पेट्रोल वाचवायचं, अशी ती कल्पना होती. अभियंते होते, कारखाना होता, मोटारउद्योगाचं शहर होतं. पण अशा गाडीला आरटीओत पास करण्याचे नियमच तेव्हा नव्हते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक किटांचे नियम केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत 2016 मध्ये आले, तोवर सहा वर्षं निघून गेली होती आणि खासगी मोटारींत ते किट कधी रुळलं नाही. दरम्यान 21 डिसेंबर 2015 रोजी संसदेच्या आवारात खासदारांसाठी पंतप्रधानांच्या हस्ते इलेक्ट्रिक बस सुपूर्द झाली, तीही मुळात डिझेलच्या बसचं रूपांतर होती. तंत्र तयार असून नियम मागे राहिला, तर काय होतं हे पुण्यानं पाहिलं. वऱ्हाडात आज उलटी स्थिती आहे. नियम आहेत, पण ते कुणाला ठाऊक नाहीत.

म्हणून पहिल्या दिवशीचं पहिलं सत्र आरटीओच्या निरीक्षकाचं असावं. अमरावतीचं एमएच-27 आणि अकोल्याचं एमएच-30 ही दोन्ही कार्यालयं हाकेच्या अंतरावर आहेत. निरीक्षकाला हार-नारळापुरतं बोलावून परत पाठवू नये, त्यानं शिकवावं. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकानं गाडीत करू नये. त्याच कलमात एक मोकळीक आहे. बॅटरी, सीएनजी, सौरऊर्जा, एलपीजी अशा दुसऱ्या ऊर्जेवर गाडी चालावी म्हणून रूपांतराचं किट बसवता येतं, मात्र नियमांत घातलेल्या अटी पाळून. बदल केल्यावर 14 दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

त्या अटींचा गाभा असा. किट बनवणाऱ्यानं ते एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मंजूर करून घेतलेलं असावं. ही संस्था पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर 1966 पासून आहे. चाचणी ‘एआयएस-123’ या मानकाच्या तिसऱ्या भागानुसार होते. बॅटरीला ‘एआयएस-038’ हे वेगळं मानक लागू आहे. मंजुरी त्या त्या मॉडेलपुरती असते. एका मॉडेलसाठी मंजूर झालेलं किट दुसऱ्या गाडीत बसतं म्हणून चालत नाही. किट बसवणाराही किट-कंपनीनं अधिकृत केलेला असावा लागतो. विमा कंपनीला कळवलं नाही, तर अपघाताच्या दिवशी पॉलिसीचा उपयोग होईल याचा भरवसा नाही. हे सगळं ऐकल्यावर काही जण दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. त्यांनी न आलेलंच बरं.

फ्रान्सनं 2020 मध्ये रूपांतराला परवानगी दिली तीही याच धर्तीवर: मंजूर किट, अधिकृत बसवणारा आणि मोटार किमान पाच वर्षं जुनी. उलट अमेरिकेत ही चळवळ हौशी लोकांच्या हातून वाढली. कॅलिफोर्नियात 1967 मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशनचे सभासद आपापल्या गॅरेजमध्ये गाड्या बदलत आणि एकमेकांना शिकवत. आपल्याला फ्रान्सचा नियम आणि अमेरिकेतल्या त्या मंडळींची शिकवण्याची हौस, दोन्ही हवं.

आता पैशांचा हिशोब. तो कार्यशाळेत फळ्यावर मांडावा, कारण याच हिशोबात मालक मंडळी फसतात. पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे, 105 रुपये लिटर धरू. छोटी मोटार लिटरला 15 किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला 7 रुपये. तीच गाडी विजेवर किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून 0.15 युनिट खाईल. युनिट 10 रुपयांनी धरलं तर दीड रुपया. बचत साडेपाच रुपयांची. किट, बॅटरी, बसवणूक आणि पासिंग मिळून पाच लाख रुपये खर्च आला असं गृहीत धरलं, तर पैसे वसूल व्हायला सुमारे 90,000 किलोमीटर लागतील. जो मालक वर्षाला 10,000 किलोमीटर फिरतो, त्याला नऊ वर्षं. तोवर गाडीचा पत्रा टिकेल का, हाच प्रश्न. शिवाय मोटर बदलल्यानं गाडीचं वय कमी होत नाही. 15 वर्षांनंतर फेरनोंदणी चुकत नाही आणि मोटारीची ती फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपयांवर गेली आहे. टाटांची टियागो ईव्ही 2022 मध्ये 8.49 लाख रुपयांपासून बाजारात आली. ती आणि पाच लाखांचं रूपांतर यांची तुलना केली, तर घरगुती वापराच्या जुन्या गाडीत एवढा पैसा घालणं मला तरी पटत नाही.

पण जी गाडी रोज दीडशे किलोमीटर धावते, तिचे सुट्ट्या वगळता वर्षाला 45,000 किलोमीटर होतात आणि तेच पाच लाख दोन वर्षांत सुटतात. शाळेची व्हॅन, भाजीबाजारात पहाटे जाणारा ‘छोटा हत्ती’ टेम्पो, दूध गोळा करणारी गाडी यांचा रस्ता ठरलेला असतो, थांबे ठरलेले असतात आणि दुपारी त्या तासन् तास उभ्या असतात. तेव्हा चार्जिंग होतं. वऱ्हाडात रूपांतराची खरी जागा इथे आहे. शाळेच्या व्हॅनबद्दल मात्र एक अट मी कधीच सैल होऊ देणार नाही: मुलं बसतात ती गाडी मंजूर किटाशिवाय बदलायची नाही, कुणी कितीही स्वस्तात करून देत असला तरी.

शिकण्यासाठी गाडी कोणती घ्यावी? माझं उत्तर मारुती 800. डिसेंबर 1983 मध्ये ती रस्त्यावर आली, जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक मिस्त्रीनं ती कधी ना कधी खोललेली असते. वजन साधारण 650 किलो, म्हणजे इंजिन उतरवायला मोठी क्रेन लागत नाही. नोंदणी रद्द झालेली, भंगारात निघालेली एखादी गाडी संस्थेनं रीतसर कागदपत्रं करून घ्यावी. ही गाडी फक्त शिकण्यासाठी. ती रस्त्यावर येणार नाही, संस्थेच्या आवारातच फिरेल, हे फाटकावर लिहून ठेवावं.

तिची बॅटरी 48 व्होल्टच्या वर्गातली ठेवावी, आणि यामागे कारण आहे. वाहनांच्या सुरक्षा मानकांत 60 व्होल्ट डीसीच्या वरचा दाब धोकादायक वर्गात मोडतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल 3.2 व्होल्टचा. असे 16 सेल ओळीनं जोडले की 51.2 व्होल्ट होतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावरही 58.4. म्हणजे शिकणाऱ्याचा हात चुकला तरी विजेचा प्राणघातक झटका बसण्याची शक्यता फार कमी. 280 अँपिअर-अवरचे सेल घेतले, तर साठवण सुमारे 14 युनिट आणि सेलांचं वजन नव्वद किलोच्या आत. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी उतरली की तेवढं वजन आधीच कमी झालेलं असतं. शहरी वेगात एवढ्यावर गाडी शंभरएक किलोमीटर चालेल. दाब कमी ठेवल्याची किंमत प्रवाहात मोजावी लागते. 10 किलोवॉटसाठी 200 अँपिअर लागतात, म्हणून केबल अंगठ्याएवढी जाड आणि तिच्या टोकाचा प्रत्येक लग नीट क्रिम्प केलेला हवा. ढिला लग तापतो, वितळतो आणि आग लावतो.

वाइंडिंगवाल्याला इथे एक गोष्ट नव्यानं शिकावी लागते आणि ती जिवाशी निगडित आहे. त्याची सगळी हयात एसीवर गेलेली असते. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी कधी शून्यावर येत नाही. स्विच उघडला तरी ठिणगीची कमान जळत राहते आणि संपर्काचा धातू वितळवते. घरातली एमसीबी इथे चालत नाही, डीसीसाठी बनवलेला फ्यूज आणि कॉन्टॅक्टर लागतो. दुसरी गोष्ट, बॅटरी मेन स्विच बंद करून निर्वीज करता येत नाही. दोन टर्मिनलांवर पाना पडला तर काही हजार अँपिअर वाहतात आणि पाना जागीच वेल्ड होतो. म्हणून पान्यांना इन्सुलेशन, हातात विजेसाठीचे रबरी मोजे, आणि काम सुरू होण्यापूर्वी अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून डब्यात ठेवायची. कंट्रोलरमधले कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भरलेले राहतात. मीटर लावून व्होल्ट उतरल्याची खात्री झाल्याशिवाय आत हात घालायचा नाही. लिथियमची आग साध्या पावडरच्या सिलिंडरनं वरवर विझते, पण आतले सेल तापलेले असतील तर पुन्हा भडकते. थंड करायला भरपूर पाणी लागतं, आणि माणसांनी लांब व्हावं लागतं.

सेल एकसारखे असणं का महत्त्वाचं, हे शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळतं: जोडीतला एक बैल थकला की दुसऱ्यात कितीही ताकद असो, नांगर थांबतो. 16 सेलांतला सर्वांत कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि आधी भरतो. बाकीच्यांच्या नादात तो प्रमाणाबाहेर रिकामा झाला किंवा भरला तर बिघडतो, तापतो. प्रत्येक सेलवर नजर ठेवून वेळेवर प्रवाह तोडण्याचं काम बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) करतं. वेगवेगळ्या पॅकांतून काढलेले जुने सेल एकत्र जोडून स्वस्तात बॅटरी बनवणारे बाजारात भेटतात. कार्यशाळेत अशा दोन सेलांची क्षमता सगळ्यांसमोर मोजून दाखवावी. आकड्यांतला फरक पाहिल्यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

मिस्त्रीचं ज्ञान कुठे उपयोगी पडतं? इंजिन काढलं की ब्रेक बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूमही जातो. ज्या गाडीत बूस्टर आहे, तिथे विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप बसवला नाही, तर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या विद्यार्थ्याला हे सहसा सुचत नाही, मिस्त्रीला पहिल्या मिनिटाला सुचतं. बॅटरी मागे ठेवली की मागच्या स्प्रिंगांवर भार येतो, पुढचा भाग हलका होतो, वळणावर गाडीचा स्वभाव बदलतो. हेही तोच सांगतो. आणि मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट बनवताना लेथवाल्याची कसोटी लागते. सुताच्या मापाचा हिशोब इथे चालत नाही. मिलिमीटरच्या दशांशाएवढा फरक राहिला, तरी बेअरिंग आणि स्प्लाइन काही महिन्यांत खलास होतात. डायल गेज कसं लावायचं, हे शिकवण्यात अर्धा दिवस गेला तरी तो वाया गेला असं समजू नये.

वऱ्हाडातल्या कार्यशाळेत एक प्रश्न हमखास येणार: ‘भाऊ, चिखलदऱ्याचा घाट चढन का?’ याचं उत्तर गणितानं द्यावं. परतवाड्याहून चिखलदरा साधारण 700 मीटर उंच. माणसांसह गाडीचं वजन 1,000 किलो धरलं, तर नुसती उंची चढायला सुमारे दोन युनिट लागतात. बॅटरीत 14 आहेत. म्हणजे ऊर्जा पुरते. ताशी 30 किलोमीटरनं चढताना मोटरीला सहा किलोवॉटच्या आसपास सतत द्यावे लागतात, तेही जमतं. खरी परीक्षा असते मोटर आणि कंट्रोलर किती तापतात याची. उतरताना मोटर जनित्र बनते आणि थोडी वीज परत येते. पण वर मुक्कामी बॅटरी काठोकाठ भरून उतरायला लागलात, तर आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर पडतो. घाटावरून निघताना बॅटरी थोडी रिकामी असलेली बरी.

अमरावती ते अकोला हा प्रश्न वेगळा. जून 2022 मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम नोंदवला गेला. रस्ता गुळगुळीत आहे, म्हणून गाड्या जोरात जातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 50 ऐवजी 80 नं गेलं की तो अडीचपट होतो. शहरात शंभर किलोमीटर चालणारी गाडी इथे अकोला गाठेलच असं नाही, मूर्तिजापूरला थांबून चार्ज करावं लागेल. कारागिरानं मालकाला हे विकण्याआधी सांगायला हवं. राज्याच्या 2021 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी ज्या शहरांची नावं घेतली होती, त्यांत मुंबईला 1,500 आणि अमरावतीला 30 असं उद्दिष्ट होतं. अकोल्याचं नाव त्या यादीत नव्हतं. जोवर ही स्थिती पालटत नाही, तोवर रूपांतरित गाडी शहरापुरती आणि ठरलेल्या फेरीपुरतीच समजावी.

आणि ऊन. अकोल्यात मे 2024 मध्ये पारा 45 अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनानं 144 कलम लावून कामगारांसाठी पाणी-सावलीची सोय आणि शिकवणी वर्गांच्या वेळा बदलण्याचे आदेश दिले. माणसाला जे सोसत नाही ते सेललाही सोसत नाही. लिथियमचा सेल तापलेला असताना वारंवार चार्ज केला, तर त्याची क्षमता लवकर उतरते. म्हणून वऱ्हाडात लिथियम आयर्न फॉस्फेट हीच जात घ्यावी. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा ती उष्णतेला जास्त टिकते, वजनाला थोडी जड असली तरी. बॅटरी बॉनेटखाली कोंडू नये, हवा खेळती ठेवावी, आणि मे महिन्यात चार्जिंग पहाटे करावं. भरदुपारी उभ्या असलेल्या बंद गाडीत आणि सावलीतल्या गाडीत तापमापक ठेवून दोन्ही आकडे लिहून काढायला लावणं, हा अकोल्याच्या कार्यशाळेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी धडा ठरेल.

वीज शेवटी कोळशाचीच ना, असंही कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. बाळापूर तालुक्यातल्या पारसच्या केंद्रात 250 मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात, नांदगाव पेठलाही औष्णिक केंद्र आहे. तरीही पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं आणि विजेची मोटर बॅटरीतल्या ऊर्जेचा चार-पंचमांश. धूर शहराच्या चौकातून आणि शाळेच्या फाटकासमोरून हटतो, हाही लाभ आहे. पण ज्याच्या घरावर सोलर आहे, त्याच्या गाडीचा हिशोब सर्वांत स्वच्छ, हे मान्य करायलाच हवं.

कार्यशाळा भरवायची कशी? जागा वऱ्हाडात आहेत. अमरावतीत 1964 पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बडनेऱ्याला राम मेघे महाविद्यालय आहे, शेगावला गजानन महाराज अभियांत्रिकी आहे, अकोल्यात 1969 मध्ये स्थापन झालेलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम आज देशात आहे, त्याच्या विद्यार्थ्यांना हाताखाली गाडी मिळणं हाही मोठा फायदा. पण या संस्थांच्या कार्यक्रमांत एक खोड असते. व्यासपीठ, सत्कार, चार भाषणं, प्रमाणपत्र, आणि गाडीला हात कुणीच लावत नाही. असली कार्यशाळा न घेतलेली बरी.

मिस्त्री सलग पाच दिवस येऊ शकत नाही. त्याची रोजी बुडते. लागोपाठचे पाच-सहा रविवार ठेवावेत, आणि त्या दिवसाची रोजी संस्थेनं द्यावी. मजुरी देऊन शिकवणं अनेकांना खटकेल, पण रोजी न देता बोलावलं तर हात चालणारे येत नाहीत, फक्त वह्या घेऊन बसणारे येतात. गटात वीसच्या वर माणसं नकोत, कारण एका गाडीभोवती पाच-सहा जणच काम करू शकतात. बाकीचे सेल मोजणं, लग क्रिम्प करणं, मोटर उघडणं अशा टेबलांवर फिरत राहतील. वाइंडिंगवाल्याला शिकाऊ म्हणून न बसवता मोटरीचं सत्र त्यालाच घ्यायला लावावं. प्राध्यापकांनी समोर बसून ऐकावं. अमरावती-अकोल्यातले कितीतरी उत्तम मिस्त्री हिंदी-उर्दूत विचार करतात, म्हणून टिपणं मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत छापावीत. मुलींना मागे उभं करू नये. क्रिम्पिंग आणि सेलजोडणी ही सफाईची कामं आहेत, त्यांत ताकदीचा प्रश्नच येत नाही. दिवस दिवाळीनंतरचे निवडावेत. मे महिन्यात तर मुळीच नको.

लोकांपर्यंत पोचण्याचा मार्ग वऱ्हाडानं आधीच शोधून ठेवला आहे. कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीत शेतकरी उभ्या पिकात फिरून वाण पाहतो, प्रश्न विचारतो, पानं उलटून कीड शोधतो. मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांची नैसर्गिक शेती शिबिरांतूनच देशभर गेली. शेवटच्या रविवारी तशीच फेरी गाडीभोवती ठेवावी. व्हॅनवाले, छोटा हत्तीवाले, दूधवाले यांना बोलवावं. बॉनेट उघडं, बॅटरीचं झाकण पारदर्शक, आणि आवारात प्रत्येकाला एक फेरी. शेजारी फळ्यावर तोच पैशांचा हिशोब, ज्यात त्यानं आपल्या रोजच्या किलोमीटरचा आकडा घालून उत्तर स्वतः काढायचं. उत्तर ‘नको’ असं आलं तर त्याला तसं घरी जाऊ द्यावं.

या प्रकरणाचे वाचक आयटीआयचे प्राचार्य असतील, अभियांत्रिकी महाविद्यालयातले विभागप्रमुख असतील किंवा गॅरेज संघटनेचे पदाधिकारी असतील, तर त्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात आपल्या आरटीओत जा आणि आपल्या भागात चालणाऱ्या कोणत्या मॉडेलांसाठी मंजूर किट आहे, ते विचारून लिहून घ्या. मग जवळच्या वाइंडिंगच्या दुकानात जा आणि रविवारी वेळ आहे का ते विचारा. बाकीचं सामान पैशांनी विकत मिळतं.